मिरीच्या वाटीतलं प्रोटीन

दंडोबा हे नाव त्याला गल्लीने ठेवलं होतं, आणि त्याला ते इतकं आवडलं की व्यायामशाळेच्या पाटीवरही त्याने तेच रंगवून घेतलं. दंड खरोखर पाहण्यासारखे होते. पोटऱ्या मात्र बगळ्याच्या. म्हणून भर उन्हाळ्यातही तो घोट्यापर्यंतची ढगळ पँट घालायचा. कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगून टाकायचा, "वरचा मजला बांधून झाला आणि सिमेंट संपलं."

व्यायामशाळा टायरच्या दुकानाच्या माडीवर होती. जिना चढताना रबराचा वास यायचा, वर पोचल्यावर घामाचा. भिंतीला तीन आरसे, त्यातला एक तडकलेला. आणि त्या आरशांच्या साक्षीने दंडोबाचं प्रवचन चालायचं. विषय कायम एकच, प्रोटीन. स्नायू कशाने होतात? प्रोटीनने. केस, नखं, कातडी? प्रोटीन. रोगाशी लढायची ताकद? तीही प्रोटीनच. पत्र द्यायला पोस्टमन वर आला, तरी त्याला सकाळी किती अंडी खाल्लीस हे सांगितल्याशिवाय सही मिळायची नाही. खालचा टायरवाला म्हणायचा, "आम्ही हवा भरतो, हा प्रोटीन भरतो. फुगतात दोन्हीकडची गिऱ्हाइकं सारखीच."

दंडोबाची बायको चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. बारीक पाहणं हा तिचा धंदा, मोठ्याने बोलणं हा याचा. त्यामुळे संसार बरा चालला होता.

मुलगी झाली तेव्हा दंडोबाने व्यायामशाळेत जाहीर केलं की ही चालायच्या आधी बैठका मारेल. आकाराने मिरीच्या दाण्याएवढी, म्हणून तिला मिरी म्हणायला लागले. पहिले एकदोन दिवस बरे गेले. मग ती गप्प गप्प राहू लागली. रडणं नाही, हातपाय हलवणं नाही. दंडोबा येईल त्या पाहुण्याला कौतुकाने सांगत होता, "माझ्यावर गेलीय. स्वभाव शांत."

त्याच्या स्वभावाला शांत म्हणणारा जगात तो एकटाच होता.

"अहो," बायको म्हणाली, "ही झोपलेली नाही, सुस्त पडलीय. दूध ओढत नाहीये."

"अगं, दमली असेल."

"कशाने? तुमची भाषणं ऐकून?" असं म्हणेपर्यंत तिने मिरीला दुपट्यात गुंडाळलंही होतं. दंडोबा पुढे कित्येकदा हा प्रसंग सांगताना म्हणायचा, की त्या दिवशी माझ्या अकलेवर आमचं घर चाललं असतं तर घरच उरलं नसतं. मी डाव्या पायातली चप्पल शोधत होतो, आणि ही रस्त्यावर उभी राहून गाडीला हात करत होती.

हॉस्पिटलात बरेच दिवस गेले. रक्त, लघवी, पुन्हा रक्त. शेवटी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दोघांना खोलीत बोलावलं. त्या वयाने तरुण आणि चणीने इतक्या लहान होत्या की दंडोबाच्या मनात आलं, यांना आपल्या व्यायामशाळेत पाठवायला हवं. आजार जन्माचा होता, फार क्वचित होणारा. आईबापांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलेलं. दोघांना स्वतःला त्याचा काही त्रास नव्हता, म्हणून कधी कळायचं कारणही नव्हतं.

"आपण खातो त्यातलं प्रोटीन शरीर फोडतं आणि वापरतं," डॉक्टर म्हणाल्या. "तिच्या शरीरात ते फोडायच्या कामातली एक पायरीच गाळली गेलीय. त्यामुळे अर्धवट फुटलेला भाग आम्ल होऊन रक्तात साठतो. तिला ग्लानी आली ती त्यानेच."

"मग प्रोटीन वाढवायचं ना?" दंडोबाने विचारलं.

"नाही. कमी करायचं. मोजून द्यायचं."

"डॉक्टर, तुम्ही उलटं सांगताय."

"मी सुलटंच सांगतेय," त्या म्हणाल्या आणि त्यांची नजर क्षणभर त्याच्या छातीवर गेली. घाईत तो व्यायामशाळेचा बनियन घालून आला होता, आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, 'प्रोटीन हेच जीवन'. दंडोबाने हळूच हाताची घडी घालून अक्षरं झाकली. मग त्याला वाटलं, आता हा माणूस ऐटीत बसलाय असं त्यांना वाटेल. म्हणून त्याने घडी सोडली. मग पुन्हा घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपले हात नकोसे झाले.

बायकोने मात्र नेमकं विचारलं, "जगेल ना?"

"जगेल. पण तिचं जेवण हेच तिचं औषध, हे तुम्हाला रोज लक्षात ठेवावं लागेल. आणि तिला साधा तापही साधा नसेल."

घरात वजनकाटा आला. चिमूटभर वजनही दाखवणारा, सोनाराकडे असतो तसला. व्यायामशाळेत लोखंडाच्या थाळ्या उचलणारा दंडोबा घरी उकडलेल्या बटाट्याच्या फोडी त्या काट्यावर ठेवायचा आणि श्वास रोखून आकडा पाहायचा, कारण त्याच्या श्वासानेही आकडा हलायचा. सकाळ-संध्याकाळ व्यायामशाळा, दुपार मोकळी, म्हणून मिरीचं जेवण त्याच्याकडे आलं. भात, भाज्या, फळं मोजून. दूध, अंडी, डाळ जवळजवळ नाहीच. आणि त्यासोबत हॉस्पिटलातून मिळणारी एक खास पावडर. तिच्यात मिरीला न झेपणारे घटक वगळून बाकीचं सगळं घातलेलं असायचं. पावडरीला ओल्या पुठ्ठ्याचा वास यायचा. ती तो व्यायामशाळेतल्याच झाकणाच्या बाटलीत घालून खळाखळा हलवायचा, आधी स्वतः एक घोट घ्यायचा आणि कसनुसं तोंड करायचा. मिरी खदखदून हसायची आणि हसता हसता पिऊन टाकायची. हे नाटक आहे असं तिला वाटायचं. ते नाटक नव्हतं.

व्यायामशाळेत त्याची पंचाईत झाली. एखाद्या नव्या पोराने "सर, प्रोटीन किती घेऊ?" असं विचारलं की पूर्वी अर्धा तास निघायचा. आता तो "बघ बाबा, बेतानं" एवढंच म्हणून थाळ्या पुसायला लागायचा. टायरवाल्याने एकदा विचारलंही, "वरची हवा गेली की काय?" दंडोबा म्हणाला, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आणि घरात बटाट्याची फोड."

मिरी वाढत होती. वयाच्या मानाने लहान, पण जिभेनेही मिरीच. बोलायला लागली ती सरळ हुकूम सोडायला लागली.

ती तीनेक वर्षांची असताना दंडोबाने घरी सर्दी आणली. आणली म्हणजे अक्षरशः आणली. व्यायामशाळेत एक जण शिंकत आला होता. त्याला घरी पाठवायचं सोडून दंडोबाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सांगितलं, "घाम गाळ, सर्दी पळते." सर्दी पळाली, ती दंडोबाच्या नाकात. तिथून मिरीकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दोनदा ओकली आणि भिंतीला टेकून बसली ती उठेना. दंडोबाने हाक मारली तर तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही.

हॉस्पिटलात तिच्या इवल्याशा हाताला सुई लावून ग्लुकोज सुरू झालं. डॉक्टर म्हणाल्या, "ताप आला आणि पोटात काही गेलं नाही, की शरीर स्वतःचे स्नायू मोडून खायला लागतं. तेही प्रोटीनच की. म्हणजे विष आतूनच तयार होतं."

दंडोबाला हे माहीत होतं. 'उपाशी राहिलास तर शरीर तुझेच स्नायू खाईल' हे वाक्य दर आठवड्याला कुणा ना कुणाला घाबरवायला तो वापरत आला होता. आता ते वाक्य मिरी होऊन पलंगावर झोपलं होतं आणि त्याच्या अंगात लोकरीचा पिवळा स्वेटर होता.

मिरी शुद्धीवर आली, बरी झाली, घरी आली. दंडोबा मात्र बरा झाला नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा तर पाणीही फुंकायला लागला. दारात हात धुण्याचं भांडं ठेवलं. सासूबाई नातीला भेटायला आल्या तर त्यांना गुळण्या करायला लावल्या. त्या माउलीने केल्याही, पण नंतर लेकीला म्हणाल्या, "जावईबापूंना म्हणावं, मला एकदा उकळूनच घ्या." पोस्टमनने पत्र दारातून आत सरकवायचं, असा नियम झाला. बायको म्हणाली, "मिरीला आमच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवूया. किल्ली तुमच्याकडे."

हे सगळं दिसत होतं, म्हणून त्यावर हसता येत होतं. एक गोष्ट मात्र दिसत नव्हती. मिरीची वाटी मोजून झाली की तो चमच्याने त्यातलं थोडं परत काढायचा. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं ठीकच, पण आपण जरा अलीकडेच थांबलेलं बरं. विषच ते, कमी गेलं तर काय बिघडतंय? पुढे ते 'थोडं' वाढत गेलं. भात आणि बटाट्यातून काढलेलं कुणाला कळतंय? पावडरही तो कमी घालायचा, न जाणो. बायको दुकानात असायची. तिला त्याने सांगितलं नाही. सांगावं असं वाटलं नाही, असं तो स्वतःला समजावायचा. खरं म्हणजे सांगितलं असतं तर तिने चमचा हातातून काढून घेतला असता.

आणि गंमत अशी, की इतके हात धुऊन, इतक्या गुळण्या करूनही मिरी सतत आजारी पडू लागली. एक सर्दी संपते तोच दुसरी. तोंड आलं. ओठांच्या कडा फुटल्या, मांड्यांच्या सांध्यात कातडी लाल होऊन सोलवटली. कंगव्यात केस यायला लागले. दंडोबाने घाबरून आणखी हात धुतले आणि वाटीतून आणखी एक चमचा काढला.

नेहमीच्या तपासणीच्या दिवशी रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी त्यांना आहार ठरवणाऱ्या बाईंकडे पाठवलं. या बाई मिरीच्या जन्मापासून तिचं जेवण आखून देत होत्या. गोल चेहऱ्याच्या, सावकाश बोलणाऱ्या. खोलीत भिंतीवर फळांची चित्रं होती आणि टेबलावर प्लॅस्टिकची अंडी. मिरीने लगेच एक अंडं उचललं.

"आम्लं वाढलेली नाहीत, ते छान," बाई म्हणाल्या. "पण प्रोटीनच फार खाली गेलंय. पांढऱ्या पेशी कमी झाल्यात. वजन तिथेच थांबलंय. ठरलेलं सगळं पोटात जातंय ना?"

"अगदी," दंडोबा म्हणाला. "काट्यावर मोजून."

"मोजतात," मिरी प्लॅस्टिकचं अंडं वाजवत म्हणाली. "मग परत काढतात."

बायकोने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. काचेवरचा ओरखडा शोधताना ती जशी पाहायची, तसं.

"किती काढता?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"थोडंसं. म्हणजे... सुरुवातीला थोडंसं."

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "तुम्ही व्यायाम शिकवता ना? तुमच्याकडे नवा माणूस आला आणि त्याने विचारलं, प्रोटीन कशाला लागतं, तर काय सांगता?"

हा प्रश्न विचारला की दंडोबाच्या तोंडाचा नळ आपोआप सुटायचा, इतक्या वर्षांची सवय. "स्नायूंना," तो म्हणाला. "केसांना, नखांना, कातडीला. रोगाशी लढायची ताकद..."

तिथे नळ बंद झाला. त्याने मिरीच्या विरळ केसांकडे पाहिलं, ओठांच्या फुटलेल्या कडांकडे पाहिलं. अख्ख्या गल्लीला त्याने हे वाक्य फुकट वाटलं होतं. ज्यांना नको होतं त्यांनाही वाटलं होतं. पोस्टमनलासुद्धा.

"तिला जास्त झेपत नाही हे खरंय," बाई म्हणाल्या. "पण कमी पडलं की तिची वाढ थांबते, जंतूंशी लढायला लागतं ते शरीराला तयार करता येत नाही. मग ती आजारी पडते, ताप येतो, आणि तुम्ही ज्याला घाबरून काढून ठेवता तेच होतं. यावेळी तसं झालं नाही, हे नशीब. आम्ही जो आकडा देतो, तो वरून खाली काढलेला नसतो. दोन्ही बाजूंनी सरकवत त्या जागी आणलेला असतो."

घरी येताना बसमध्ये मिरी बायकोच्या मांडीवर झोपली. बराच वेळ बायको खिडकीबाहेर पाहत होती.

"बोल ना काहीतरी," दंडोबा म्हणाला.

"घाबरलात ते समजलं मला," ती म्हणाली. "मीही घाबरते. पण तुम्ही मला न सांगता एकटेच घाबरलात. त्याचं काय करू?"

दंडोबाने मिरीच्या पायातून निसटणारी चप्पल काढून हातात धरली.

त्या दिवसापासून वाटी दोघांच्या समोर भरायची असं ठरलं. बायको दुकानात उशिरा जाऊ लागली. पहिल्या दिवशी पूर्ण भरलेली वाटी उचलताना दंडोबाच्या हातून चार शितं काट्यावरच सांडली. "ती उचलून घाला," बायको म्हणाली. त्याने एकेक शीत उचलून वाटीत घातलं. पुढचे कितीतरी दिवस जेवण झालं की तो मिरीच्या मागे मागे फिरायचा आणि झोप येतेय का, मळमळतंय का असं विचारत राहायचा. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही जिमला जा."

हळूहळू कंगवा मोकळा येऊ लागला. ओठ भरून आले. पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या की आता घरातल्या सगळ्यांनी फ्लूची लस घ्यायची, म्हणजे आजार तिच्यापर्यंत पोचायचा रस्ताच अरुंद होईल. मिरीने दंड पुढे केला, ओठ आवळले आणि टोचून घेतलं. बायकोने घेतली. दंडोबाने बाही वर केली. नर्स त्याचा दंड पाहून म्हणाली, "बापरे, सुई वाकेल माझी." दंडोबा ऐटीत हसला, मान वळवून सुईकडे पाहिलं आणि सरळ जमिनीवर कोसळला. डोळे उघडले तेव्हा दोन वॉर्डबॉय आणि एक माळी त्याला उचलायचा प्रयत्न करत होते, आणि मिरी कुणालातरी समजावून सांगत होती, "त्यांच्या पोटऱ्या बारीक आहेत म्हणून पडले."

ही गोष्ट व्यायामशाळेत कुणी सांगायच्या आत त्याने स्वतःच सांगितली. टायरवाला इतका हसला की त्याला जिन्यात बसावं लागलं.

त्यानंतर आलेला ताप मात्र हसण्याचा नव्हता. लस घेतली म्हणून सगळे ताप टळत नाहीत. सकाळी मिरीचं अंग तापलं. काय करायचं ते दोघांनी मिळून पाठ केलेलं होतं. हॉस्पिटलात फोन केला. त्यांनी सांगितल्याप्रमाणे ताप उतरेपर्यंत प्रोटीन बंद केलं आणि साखरेचं खास पेय थोडं थोडं पाजत राहिले, म्हणजे शरीराला स्वतःचे स्नायू मोडायची गरज पडू नये. ओकली किंवा ग्लानी आली तर लगेच निघायचं. बायकोने सामानाची पिशवी दाराशी आणून ठेवली. मिरीला हसवायला दंडोबाने दर घोटाला व्यायामशाळेत वजन उचलणाऱ्या पोरांना देतो तशी आरोळी दिली, "उचल! आणखी एक! हा शेवटचा!" आणि शेवटचा कधीच शेवटचा नसायचा. यात तो पटाईत होता.

ती ओकली नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. आणि मग ती वेळ आली जिची दंडोबाला तापापेक्षा जास्त भीती होती. प्रोटीन पुन्हा सुरू करायचं, तेही लगेच. फोनवर आहाराच्या बाईंनी दोनदा बजावलं होतं, "बंद ठेवून बसू नका."

बायकोने वाटी त्याच्यापुढे सरकवली. "तुम्हीच द्या."

"तू दे ना. माझ्या हातून सांडतं."

"तुम्हीच," ती म्हणाली आणि शेजारी बसली.

त्याने भात मोजला, पावडर कालवली, नेहमीप्रमाणे एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं. मिरी हसली, अजून थकलेली होती, पण हसली. खाल्लं. पिऊन टाकलं. दंडोबा तिच्यासमोर मांडी घालून बसून राहिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाबा, सारखं बघू नका ना. मला गुदगुल्या होतात." संध्याकाळी ती पलंगावरून उड्या मारत होती, आणि दंडोबा न्हाणीघरात नळ सोडून रडत होता. आपल्याला वाटतं नळाच्या आवाजात रडणं ऐकू जात नाही. जातं. बायकोने नंतर टॉवेल दिला.

मिरी शाळेत जायच्या वयाची झाली तेव्हा घरात वाद झाला. दंडोबाचं म्हणणं, एक वर्ष थांबू. बायकोचं म्हणणं, "काचेच्या कपाटाची किल्ली हरवली असं समजा." डॉक्टर बायकोच्या बाजूच्या निघाल्या. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, वर्गातल्या मुलांना दोन शब्द समजावून सांगा, म्हणजे कुणी प्रेमाने तिच्या तोंडात काही घालणार नाही.

दोन शब्द! दंडोबाने आठवडाभर भाषणाची तयारी केली. जनुक म्हणजे काय, आम्ल म्हणजे काय, आरशासमोर हातवाऱ्यांसकट. वर्गात पोचला तर मोठ्या माणसासाठी खुर्ची नव्हती. बाईंनी मुलांची खुर्ची पुढे केली. तो जपून बसला. मुलं टकामका पाहत होती. त्याने घसा खाकरला आणि म्हणाला, "बालमित्रांनो, आपलं शरीर हे एक..."

"मी सांगते," मिरी उठून म्हणाली. "मला घरचाच डबा चालतो. दुसऱ्याचं खाल्लं तर मी आजारी पडते. आणि सर्दी झाली तर माझ्या तोंडावर शिंकायचं नाही. संपलं."

"आणि बाबांना काय सांगायचंय?" बाईंनी विचारलं.

"ते खूप बोलतात," मिरी म्हणाली.

एका मुलाने हात वर केला. "तुझे बाबा पैलवान आहेत?"

"वरून," मिरी म्हणाली.

दंडोबा हसत हसत उठायला गेला, तर खुर्ची त्याच्यासोबत उठली. कमरेत घट्ट बसली होती. सगळा वर्ग धावून आला. अर्धी मुलं खुर्ची ओढत होती, अर्धी दंडोबाला, आणि मिरी बाजूला उभी राहून मोठमोठ्याने ओरडत होती, "उचल! आणखी एक! हा शेवटचा!"